हॅमस्ट्रिंग : बरी होऊनही पाठ न सोडणारी दुखापत

२१ जुलै २०११. लॉर्ड्सवर कसोटी क्रिकेटच्या इतिहासातील दोन हजारावा सामना सुरू झाला होता. भारताने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतले आणि झहीर खानने इंग्लंडच्या दोन्ही सलामीवीरांना बाद करून तो निर्णय योग्य ठरवला. १३.३ षटके, ८ निर्धाव, १८ धावा आणि २ बळी, अशी त्याची कामगिरी होती. मात्र चौदावे षटक अर्धवट सोडून तो मैदानाबाहेर गेला आणि त्या सामन्यात पुन्हा चेंडू टाकू शकला नाही. कारण होते हॅमस्ट्रिंग. पुढे एका सराव सामन्यात त्याने पुनरागमनाचा प्रयत्न केला. तोही फसला आणि त्याला दौरा सोडून मायदेशी परतावे लागले. भारताने ती मालिका ०-४ अशी गमावली. एका स्नायूमुळे मालिका गेली असे कोणी म्हणणार नाही. पण काही महिन्यांपूर्वीच विश्वचषकात २१ बळी घेणाऱ्या या श्रीरामपूरच्या गोलंदाजाविना भारताचा मारा किती दुबळा झाला, हे सर्वांनी पाहिले.

त्याआधी सातच महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०१० मध्ये, सेंच्युरियन कसोटीलाही झहीर हॅमस्ट्रिंगमुळेच मुकला होता. तेव्हा तो लगेच पुढच्या, दरबानच्या कसोटीत परतला आणि भारताच्या विजयात त्याचा मोठा वाटा राहिला. एकदा दुखावलेला हा स्नायू बरा होतो, खेळाडू परततो, उत्तम खेळतोही आणि मग एखाद्या बेसावध क्षणी दुखापत पुन्हा उचल खाते. धावपटू, फुटबॉलपटू, वेगवान गोलंदाज, कबड्डीपटू यांपैकी कोणाच्याही बाबतीत ही कथा फारशी बदलत नाही.

युरोपातील अव्वल फुटबॉल क्लबांच्या वैद्यकीय नोंदी ‘युएफा’च्या अभ्यासात २००१ पासून सातत्याने ठेवल्या गेल्या आहेत. २००१-०२ च्या मोसमात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के दुखापती हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण २४ टक्क्यांवर गेले. या काळात उपचारांची साधने वाढली, संघांबरोबर फिरणाऱ्या तज्ज्ञांचा ताफा वाढला, तरी दुखापत दुप्पट झाली. खेळाचा वाढलेला वेग आणि सामन्यांची गर्दी ही त्याची संभाव्य कारणे सांगितली जातात. त्याच नोंदींनुसार यातील १८ टक्के दुखापती जुन्याच दुखापतीची पुनरावृत्ती होत्या आणि त्यांपैकी ६९ टक्के खेळाडू मैदानावर परतल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत उद्भवल्या. हा शेवटचा आकडा सर्वांत बोलका आहे. दुखापत पुन्हा होण्याचे मूळ बहुतेक वेळा खेळाडू परतला त्या दिवसाच्या निर्णयात आणि त्याआधीच्या तयारीत दडलेले असते.

स्नायू तीन, सांधे दोन

मांडीच्या मागच्या बाजूस बायसेप्स फिमोरिस, सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस असे तीन स्नायू असतात. त्यांना एकत्रितपणे हॅमस्ट्रिंग म्हणतात. बसताना ज्या हाडावर शरीराचा भार येतो, तेथून ते निघतात आणि गुडघ्याच्या खाली पायाच्या हाडांना जाऊन मिळतात. बायसेप्सचा एक आखूड भाग तेवढा मांडीच्या हाडावरून निघतो. गुडघा वाकवला असता मागच्या लवणीच्या दोन्ही कडांना ज्या ताठ दोऱ्या हाताला लागतात, त्या याच स्नायूंच्या कंडरा. खुबा मागे नेणे आणि गुडघा वाकवणे ही त्यांची दोन कामे. दोन सांधे ओलांडत असल्याने ते दोन्ही टोकांनी एकाच वेळी ताणले जाऊ शकतात आणि त्यांच्या दुखण्याचे मूळ येथेच आहे.

वेगाने धावताना पाय पुढे फेकला जातो. खुबा वाकलेला असतो, गुडघा सरळ होत असतो आणि पाऊल जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी पुढे झेपावणाऱ्या नडगीला आवरण्याचे काम हॅमस्ट्रिंगला करावे लागते. म्हणजे स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच जोर लावत असतो. भरलेली हातगाडी उतारावरून नेताना हमाल मागे रेलून ती आवरतो, तसे हे काम आहे. धावण्याचा वेग स्वतःच्या कमाल वेगाच्या ८० टक्क्यांपलीकडे गेला की हा भार झपाट्याने वाढतो. बायसेप्स फिमोरिसचा लांब भाग बहुतेक वेळा याच क्षणी फाटतो.

दुसरा प्रकार ताणातून होणाऱ्या दुखापतीचा. नर्तकाने पाय डोक्यापर्यंत उचलला, क्षेत्ररक्षक चेंडूसाठी फाकला किंवा पकडीत सापडलेल्या कबड्डीच्या चढाईपटूने मध्यरेषेला स्पर्श करण्यासाठी पाय लांबवला की खुब्याजवळची कंडरा दुखावू शकते. ही दुखापत दिसते साधी. पहिल्या दिवशी खेळाडू चालूही शकतो. प्रत्यक्षात ती अधिक चिवट असते. स्वीडनचे संशोधक कार्ल आस्कलिंग यांनी धावताना जखमी झालेले धावपटू आणि ताणामुळे जखमी झालेले नर्तक यांची तुलना केली. पूर्वीची पातळी गाठायला धावपटूंना साधारण १६ आठवडे लागले, नर्तकांना ५०. म्हणूनच ‘कसे दुखावले’ हा प्रश्न ‘किती दुखते’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

वेदना जाते, उणीव राहते

पहिली दुखापत हेच दुसऱ्या दुखापतीचे सर्वांत मोठे भाकीत मानले जाते. त्यामागे कारणांची साखळी आहे. फाटलेल्या जागी जो व्रण तयार होतो तो मूळ स्नायूइतका लवचिक नसतो आणि त्याची पुनर्रचना महिनोन्‌महिने चालू राहते. वेदना मात्र दोन-तीन आठवड्यांत मावळते. दुखऱ्या स्नायूला मेंदूकडून मिळणारी आज्ञाही आखडती होते. विशेषतः लांबलेल्या अवस्थेत तो पूर्ण जोर लावत नाही, आणि वेदना गेल्यावरही ही सवय मागे राहू शकते. त्यातच विश्रांतीच्या काळात स्नायूतंतू आखूड होतात. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बायसेप्सचे तंतू साडेदहा सेंटिमीटरहून आखूड असलेल्या खेळाडूंना दुखापतीचा धोका सुमारे चौपट आढळला. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी बाब अशी, की वाढते वय आणि जुनी दुखापत यांमुळे येणारा धोका लांब तंतू आणि बळकट स्नायू असलेल्यांत बराच कमी होता. वय आणि इतिहास बदलता येत नाही. तंतूंची लांबी आणि ताकद व्यायामाने बदलता येते.

एमआरआयच्या चित्रावर विसंबून परतण्याची तारीख ठरवण्याचा मोह मोठा असतो. पण हॉलंडमधील एका अभ्यासात तपासणीनुसार पूर्ण बरे झालेल्या ५३ खेळाडूंपैकी ८९ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये स्नायूतील बदल शिल्लक होते. चित्र स्वच्छ होण्याची वाट पाहायची तर बहुतेकांना विनाकारण थांबावे लागेल. आणि वेदना गेली म्हणून उतरायचे तर अनेक जण घाईने उतरतील.

घाईची किंमत किती असू शकते, याचे उदाहरण म्हणून आर्येन रॉबेनकडे पाहता येईल. २०१० च्या विश्वचषकाच्या तोंडावर, जूनमध्ये हंगेरीविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्याचे हॅमस्ट्रिंग दुखावले. तातडीचे उपचार घेऊन तो स्पर्धेत परतला आणि अंतिम सामनाही खेळला. ऑगस्टमध्ये त्याच्या क्लबच्या, बायर्न म्युनिकच्या, तपासणीत स्नायूची दुखापत गंभीर असल्याचे आढळले आणि तो जानेवारी २०११ पर्यंत क्लबसाठी खेळू शकला नाही. नुकसानभरपाईवरून क्लब आणि डच संघटना यांच्यात वाद झाला, तो २०१२ मध्ये एका मैत्रीपूर्ण सामन्याच्या तडजोडीने मिटला. विश्वचषकाचा अंतिम सामना आयुष्यात कितीदा येतो, असा प्रश्न रॉबेनच्या बाजूने विचारता येईल. तो रास्तही आहे. मात्र पुण्यातील आंतरमहाविद्यालयीन साखळी सामन्यासाठी तोच हिशेब मांडणे शहाणपणाचे नव्हे.

इंग्लंडच्या मायकेल ओवेनची कथा अधिक चटका लावणारी. एप्रिल १९९९ मध्ये लीड्सविरुद्ध चेंडूमागे धावताना त्याचे हॅमस्ट्रिंग फाटले तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. २००१ मध्ये तो युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला, म्हणजे कारकीर्द संपली असे मुळीच नव्हे. पण त्या दिवसानंतर आपण पूर्वीचे उरलो नाही, असे त्याने स्वतःच नंतर अनेकदा सांगितले आहे. स्नायूंच्या दुखापती पुढेही त्याची पाठ सोडायला तयार नव्हत्या.

दुसऱ्यांदा दुखावल्यावर

हॅमस्ट्रिंग दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा दुखावले, तर मागचाच उपचार नव्याने सुरू करण्यात अर्थ नाही. निदानच पुन्हा तपासावे लागते. पहिली शंका जागेची. ब्रिटनच्या अॅथलेटिक्समधील डॉक्टरांनी २०१४ मध्ये तयार केलेल्या वर्गीकरणात दुखापत स्नायूच्या आवरणात आहे, स्नायू व कंडरेच्या सांध्यावर आहे की स्नायूच्या आत शिरलेल्या कंडरेत आहे, याला फार महत्त्व दिलेले आहे. आतली कंडरा फाटली असेल तर बरे व्हायला अधिक काळ लागतो आणि पुन्हा दुखापतीचे प्रमाणही वाढते, असे त्यांच्याच धावपटूंच्या नोंदींतून दिसले. परतण्याची तारीख ठरवण्यासाठी एमआरआय फारसा उपयोगी नसला, तरी वारंवार होणाऱ्या दुखापतीत नेमकी जागा शोधण्यासाठी तो करून घेणे योग्य ठरते.

दुसरी शंका दुखण्याच्या उगमाची. कमरेच्या मणक्यातून निघणारी नस दबली असेल किंवा नितंबातील खोल स्नायूंत ती अडकत असेल, तरी मांडीच्या मागे ओढ लागते. ‘कळ’ आली असा नेमका क्षण आठवत नसेल, दुखणे पोटरीपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, बराच वेळ बसल्यावर त्रास वाढत असेल, तर मांडीवर कितीही मालिश केली तरी उपयोग होत नाही. वाढत्या वयाच्या मुलांत आणखी एक धोका असतो. त्यांचे हाड स्नायूच्या मुळाशी अद्याप पक्के जुळलेले नसते आणि जोराच्या झेपेत स्नायू फाटण्याऐवजी हाडाचा तुकडाच सुटून येऊ शकतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला धावताना बसण्याच्या हाडाशी एकाएकी तीव्र वेदना झाली, तर त्याचा एक्स-रे काढलाच पाहिजे.

विश्रांती किती, व्यायाम कोणता

पहिले दोन-तीन दिवस बर्फ, दाबपट्टी आणि वेदनेच्या मर्यादेतील हालचाल एवढे पुरते. त्यानंतरची दीर्घ विश्रांती मात्र हिताची नाही. डेन्मार्कमध्ये ५० हौशी खेळाडूंवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहींचे व्यायाम दुखापतीनंतर दोन दिवसांनी, तर काहींचे नऊ दिवसांनी सुरू केले. लवकर सुरू करणारे सुमारे तीन आठवडे आधी खेळात परतले. एका आठवड्याच्या विश्रांतीची किंमत तीन आठवडे, हा व्यवहार कोणालाही परवडणारा नाही.

कोणता व्यायाम, याबद्दलचे जुने समज आता टिकलेले नाहीत. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग आजही उद्‌बोधक आहे. एका गटाला हॅमस्ट्रिंगचे रूढ ताण आणि ताकदीचे व्यायाम दिले, दुसऱ्याला चपळ हालचालींचे आणि धड स्थिर ठेवण्याचे. पहिल्या गटातील ११ पैकी ६ जण मैदानावर परतल्यानंतर दोन आठवड्यांतच पुन्हा जखमी झाले. दुसऱ्या गटातील १३ पैकी एकही नाही. दुखऱ्या स्नायूला नुसते ताणत राहणे पुरेसे नाही. धड, कंबर आणि नितंब यांनी आपला वाटा उचलला तरच त्याच्यावरचा बोजा कमी होतो.

आस्कलिंग यांनी लांबलेल्या अवस्थेत स्नायूला काम देणारे तीन व्यायाम रचले. पहिल्यात पाठीवर झोपून मांडी छातीकडे धरायची आणि गुडघा वेदनेच्या सीमेपर्यंत सावकाश सरळ करायचा. हा रोज दोनदा. दुसऱ्यात दुखऱ्या पायावर उभे राहून दोन्ही हात पुढे पसरत, सूर मारल्यासारखे कमरेतून झुकायचे, हा दिवसाआड. तिसऱ्यात आधार धरून दुखरा पाय पुढे टाचेवर ठेवायचा आणि दुसरा पाय मागे घसरवत न्यायचा. हा दर तीन दिवसांनी एकदा. ७५ स्वीडिश फुटबॉलपटूंच्या त्यांच्या अभ्यासात हे व्यायाम करणारे सरासरी २८ दिवसांत परतले, रूढ व्यायाम करणारे ५१ दिवसांत.

‘नॉर्डिक’ व्यायामाचे नाव यापुढचे. गुडघ्यांखाली मऊ पट्टी घेऊन गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत शरीर सरळ ठेवून पुढे शक्य तितके सावकाश झुकत जायचे. तोल सुटेल तेव्हा हात टेकायचे. साधन लागत नाही, पैसा लागत नाही. डेन्मार्कमध्ये ५० संघांच्या ९४२ खेळाडूंपैकी निम्म्या संघांना हा व्यायाम दहा आठवडे दिला गेला. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचच्या दोन फेऱ्या, आणि पुढे वाढवत आठवड्यातून तीनदा. २०११ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत नव्या दुखापती सुमारे ६० टक्क्यांनी आणि पुन्हा होणाऱ्या दुखापती सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. इतका स्वस्त आणि इतका परिणामकारक उपाय क्रीडावैद्यकात क्वचितच सापडतो. तरीही युरोपातील ५० व्यावसायिक संघांच्या पुढच्या पाहणीत तो पूर्णपणे राबवणारे जेमतेम ११ टक्के निघाले. सुरुवातीला मांड्या भरून येतात, ही त्याची एक खरी अडचण. ती पहिल्या दोन आठवड्यांपुरती असते आणि सामन्याच्या आदल्या दिवशी हा व्यायाम टाळला की निम्मी तक्रार संपते.

व्यायाम टाळून इंजेक्शनने काम भागेल, ही आशा मात्र फोल आहे. खेळाडूच्याच रक्तातून वेगळ्या केलेल्या, प्लेटलेटयुक्त द्रवाच्या म्हणजे ‘पीआरपी’च्या इंजेक्शनचा मोठा बोलबाला आहे. हॉलंडमध्ये ८० खेळाडूंना हे इंजेक्शन किंवा साधे सलाईन देऊन तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांना परतायला सारखेच, साधारण ४२ दिवस लागले. पुन्हा दुखापत होण्याच्या प्रमाणातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. हजारो रुपयांच्या या उपचारापुढे सतरंजी आणि घोटे धरणारा मित्र सरस ठरतो.

धावूनच धावण्याची तयारी

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते वेगाकडे. जिममध्ये ताकद परत मिळवलेला खेळाडू हलक्या धावेनंतर थेट सामन्यात उतरतो. तेथे चेंडूमागे त्याला पूर्ण वेगाने पळावे लागते आणि तो वेग स्नायूने कित्येक आठवडे पाहिलेलाच नसतो. म्हणून निम्म्या वेगापासून सुरुवात करून दर काही दिवसांनी थोडा वेग, मग अंतर, मग अचानक सुटणे, थांबणे, वळणे अशी चढण ठेवावी लागते. शेवटी पूर्ण वेगाच्या धावा वेगवेगळ्या दिवशी, आणि दमल्यानंतरही, निर्धोक जमल्या पाहिजेत. वेगवान गोलंदाजाने षटके याच पद्धतीने वाढवायची असतात. वीस षटकांच्या सामन्यातील चार षटकांवरून कसोटीतील वीस षटकांवर झालेली उडी स्नायू सहसा माफ करत नाही.

परतण्याचा निर्णय तारखेऐवजी कसोट्यांवर ठरावा. दाबल्यावर दुखू नये, दोन्ही पायांची लवचिकता सारखी असावी, दुखऱ्या पायाची ताकद, विशेषतः लांबलेल्या अवस्थेतली, दुसऱ्या पायाच्या जवळपास यावी. त्यानंतर आस्कलिंग यांची एक साधी परीक्षा उपयोगी पडते. पाठीवर झोपून, गुडघा पट्ट्याने सरळ बांधून, पाय जमेल तितक्या जोराने वर फेकायचा. वेदना नसली तरी मनात जराही धास्ती वाटली, तर व्यायाम आणखी काही दिवस चालू ठेवायचे. खेळाडूची धास्ती ही येथे कमकुवतपणाची खूण मानली जात नाही. ती तपासणीचाच भाग आहे.

यानंतरही दुखापत लगेच मागे पडत नाही. पहिले दोन महिने सर्वाधिक जोखमीचे असल्याने या काळात नॉर्डिक किंवा तत्सम व्यायाम आणि आठवड्यातून एक-दोनदा जवळजवळ कमाल वेगाची मोजकी धाव चालू ठेवावी लागते. उसेन बोल्टसारख्या धावपटूलाही या स्नायूने अखेरपर्यंत सोडले नाही. जुलै २०१६ मध्ये हॅमस्ट्रिंगमुळे त्याने जमैकाच्या निवड चाचणीतून माघार घेतली आणि पुढच्याच महिन्यात रिओमध्ये तीन सुवर्णपदके जिंकली. ऑगस्ट २०१७ मध्ये लंडनला, कारकिर्दीच्या शेवटच्या शर्यतीत, रिलेचा अखेरचा टप्पा धावताना तोच स्नायू दुखावला आणि तो ट्रॅकवर कोसळला.

शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. स्नायूची कंडरा हाडापासून पूर्ण सुटली, तर ‘फट्’ असा आवाज झाल्यासारखे वाटते, चालणे कठीण होते, दोन-तीन दिवसांत मांडीच्या मागे मोठा काळानिळा डाग उतरतो आणि बसताना हाडाशी कळ येते. अशा खेळाडूने फिजिओथेरपीत महिने घालवण्याआधी हाडांच्या शल्यविशारदाला दाखवावे. लवकर केलेली शस्त्रक्रिया उशिरा केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, कारण सुटलेली कंडरा दिवसेंदिवस आखडत जाते.

शिवाजी पार्कवर किंवा सोसायटीच्या आवारात दर रविवारी खेळणाऱ्या चाळिशीतल्या मंडळींपाशी ना फिजिओ असतो ना एमआरआय. आठवडाभर खुर्चीत बसलेला स्नायू रविवारी सकाळी चोरटी धाव घेताना फाटतो, चार रविवार विश्रांती मिळते आणि पाचव्या रविवारी तो पुन्हा तिथेच फाटतो. त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा दहा मिनिटे नॉर्डिक, मधल्या एखाद्या दिवशी वाढत्या वेगाच्या पाच-सहा धावा आणि सामन्यापूर्वी जागच्या जागी वाकून पाय ताणण्याऐवजी पंधरा मिनिटांची चढत्या वेगाची धाव एवढे पुरेसे आहे. दुखापत झालीच, तर परतल्यानंतरचे पहिले दोन रविवार स्लिपमध्ये उभे राहावे आणि फलंदाजीला गेल्यावर दुसऱ्या धावेचा पुकारा आला तर नाही म्हणावे.